पाठीचा तुकडा

भावाने मासा तराजूच्या शेजारी आपटला आणि ताईच्या पुसून ठेवलेल्या टेबलावर चिखलाचे शिंतोडे उडाले.

"घ्या मॅडम. तासाभरापूर्वी पकडलाय. माझ्या डोळ्यांदेखत कापा."

सख्खी बहीण, पण अडीच वर्षांत त्याने तिला ताई म्हणून हाक मारली नव्हती, आणि तीही त्याच्या घराची पायरी चढली नव्हती. भांडण एकाच गोष्टीवरून झालं होतं, आईने कुणाकडे राहायचं. आई "मी इथेच बरी" म्हणाली, भावाकडे राहिली, आणि ताईच्या मनात अढी बसली ती बसलीच.

ताईने आधी शिंतोडे पुसले. मग हातमोजे चढवले आणि खणातून चिनी मातीची पांढरी सुरी काढली.

"एवढी मोठी प्रयोगशाळा, आणि धड सुरी नाही?"

"पोलादाची लावली तर पोलादातले धातू माशात उतरतात. मग तूच बोंब मारशील, विष सुरीचं होतं."

"मारेनच. नऊ वर्षं तलाव माझ्याकडे आहे. नऊ वर्षांत कुणाचं पोट दुखलं नाही."

"पाऱ्याने पोट दुखत नाही."

कोपऱ्यात बाटल्या धुणाऱ्या मावशींनी नळ बंद केला. भांडण ऐकायचं तर नीट ऐकावं, असा त्यांचा स्वभाव होता.

ताईने डोक्यामागे, पाठीच्या जाड भागात सुरी घातली. कातडं सोडवलं, आतला पांढरा मांसाचा तुकडा काढला आणि त्यातला नखाएवढा तराजूवर ठेवला.

"अर्धा ग्रॅम?" भाऊ हसला. "अर्ध्या ग्रॅमवरून माझा तलाव बंद करणार तुम्ही?"

"ह्याच्याआधी बारा मासे तपासलेत. लहानांत कमी, मोठ्यांत जास्त. मोठा मासा जन्मभर लहान मासे खातो, त्यांचा पारा ह्याच्या अंगात साठत जातो. वरच्या अंगाला पाऱ्याच्या दिव्यांचा कारखाना होता ना? तो बंद पडला, त्याचा गाळ तुझ्या तलावात आहे."

अहवाल टेबलावरच होता. फक्त सही राहिली होती. ती झाली की उद्यापासून तलावात जाळं पडणार नव्हतं. खरं सांगायचं तर ताई ह्या दिवसाची वाट बघत होती. धाकट्याची जिरवायची, तीही शिक्क्यानिशी, ही संधी रोज येत नाही.

"सूड घेतेयस," भाऊ म्हणाला. 'मॅडम' गळून पडलं होतं. "आई माझ्याकडे राहिली, हेच तुला खुपतंय."

"आईचं नाव काढलंस ते बरं केलंस."

तिने खणातून दुसरा कागद काढला आणि त्याच्यासमोर सरकवला. आकड्यांचा लांबच लांब रकाना होता.

"हा माशाचा नाही. केसांचा आहे. आईच्या."

गेल्या आठवड्यात दवाखान्याच्या बाकावर आई तिला भेटली होती. सून औषधाच्या रांगेत होती. आईने चहाचा कप उचलला आणि अर्धा चहा मांडीवर सांडला, हात इतका थरथरत होता. म्हातारपण गं, असं म्हणून ती हसली. ताईने तिचा अंबाडा सोडला, केस विंचरले आणि मानेजवळून एक बट हळूच कापून घेतली. लेक किती मायेने विंचरतेय म्हणून आई डोळे मिटून बसली होती.

"चोरून केस कापलेस तिचे?"

"कापले. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. तिची बट मी सेंटिमीटर-सेंटिमीटर तपासलीय. टोकाकडे जवळजवळ काही नाही. मुळापासून तीस सेंटिमीटरवर पारा सुरू होतो आणि मुळाकडे चढतच जातो. तीस महिने. बोटं मोजून बघ. मी यायची बंद झाले तेव्हापासून."

"मग?"

"मग काय! मी पाठ फिरवली आणि विकून उरलेला माल तुम्ही तिच्या ताटात टाकायला लागलात. तिचे हात वयाने थरथरत नाहीत. तू थरथरवलेस."

"अगं बाई," मावशी स्वतःशीच पुटपुटल्या.

भाऊ ओरडेल, टेबलावर मूठ आपटेल, असं ताईला वाटलं होतं. तिने उत्तरंही तयार ठेवली होती. पण तो आवाज खाली आणून म्हणाला, "उरलेला?"

त्याने खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला एक कागद काढला. तेलकट झालेला, चारी कोपऱ्यांना जुनी चिकटपट्टी.

"तुझ्या साहेबांना दाखवायला आणला होता. म्हटलं, माझा मासा वाईट, तर तुमच्या मॅडमनी हे कशाला लिहून दिलं? वाच. मोठ्याने वाच."

ताईने मोठ्याने वाचलं नाही. अक्षर तिचंच होतं. कागदही इथल्याच वहीचा.

'आईला रोज मासा द्यावा. मोठा आणि ताजा. पाठीचा तुकडा. त्यातून जस्त आणि सेलेनियम मिळतं, ताकद भरून येते. टाळाटाळ चालणार नाही.' शेवटच्या ओळीखाली दोन रेघा. खाली सही आणि तारीख.

आई पडून मनगट मोडलं होतं तेव्हाची ती चिठ्ठी. ताई ताडताड गेली होती, सगळ्यांना फैलावर घेतलं होतं, हे लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवलं होतं, आणि त्याच संध्याकाळी भांडून निघून आली होती. लिहिलेलं एकही अक्षर खोटं नव्हतं. सगळं पुस्तकात होतं. फक्त त्या तलावातला मासा तोवर कुणी तपासला नव्हता, तिनेही नाही.

तिने तारखेवरून महिने मोजले. मग पुन्हा मोजले. तीसच आले.

"आईला मासा आवडत नाही, आहे ना लक्षात?" भाऊ म्हणाला. "नाक दाबून गिळते. नको म्हटलं तर म्हणते, लेकीने लिहून दिलंय, ती शिकलेली आहे. गिऱ्हाईक दारात ताटकळलं तरी सगळ्यांत मोठा मासा आधी आमच्या घरात जातो. तीस महिन्यांत एक दिवस चुकला नाही. चुकवून कसं चालेल? टाळाटाळ चालणार नव्हती ना."

मावशींनी नळ पुन्हा सोडला.

भावाने टेबलावरचं पेन उचलून अहवालावर ठेवलं.

"करा सही. ह्याच्यावर केलीत तशीच करा."

ताईने सही केली. करायलाच हवी होती, आकडे खरे होते. मग ती म्हणाली, "घरी फोन कर. आजपासून देऊ नका म्हणावं."

"कुणाला करू? आईला फोनवर ऐकू येत नाही. बायकोने ताट बाजूला घेतलं तर आई म्हणेल, सून तोंडचा घास काढतेय. मी सांगितलं तर म्हणेल, बहिणीवरचा राग आहे तुझा." तो दाराकडे वळला. "तिचा त्या भिंतीवरच्या कागदावर विश्वास आहे. साडेबाराला बसते जेवायला."

घड्याळात बाराला दहा कमी होते. ताईने हातमोजे ओढून काढले. एक निघाला, दुसरा अर्ध्यावर फाटला.

"बाई, माशाचं काय करू?" मावशींनी विचारलं.

"मांजराला घालू नका," ताई म्हणाली आणि पांढऱ्या कोटासकट जिना उतरली.

खाली भावाने गाडी सुरू केली होती. 'बस' असं तो म्हणाला नाही. पण निघालाही नव्हता.