पंचनाम्यातली चादर

मित्रांनो, मी एक जुनी चादर आहे. शिप्रेकाठच्या भेरूगढची. सुरुवातीलाच सांगून ठेवते, माझे वजन फार तर तीन पाव भरेल. हे वजन लक्षात ठेवा. याच वजनाखाली एक धडधाकट सरकारी माणूस विव्हळला आणि साऱ्या गल्लीने त्याला दारुडा ठरवले. मी ते विसरलेले नाही, आणि विसरणारही नाही.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी माझा जन्म झाला. नूरा छीपाने मला हिरड्याच्या पाण्यात भिजवले, उन्हात वाळवले, मग लाकडी ठसे मुठीने ठोकून ठोकून माझ्यावर तांबडे-काळे बुट्टे उमटवले. नंतर शिप्रेच्या पाण्यात असे आपटले की दुसरी एखादी रडली असती. माझा रंग हलला नाही. "धुलने से जो उतर जाए, वो भेरूगढ़ का रंग नहीं," असे नूरा म्हणे. ते मी जन्माची गाठ मारून ठेवले.

टोकेकरांच्या घरी मला अनसूयाबाईंनी आणले. टोकेकरांचे पणजोबा शिंद्यांच्या दरबारात लिहिणावळीला आले होते, ते माळव्यातच राहिले. अनसूयाबाईंचे यजमान भय्यासाहेब आबकारी खात्यात निरीक्षक होते. चोरून गाळलेली दारू पकडायची, पंचांसमोर पंचनामा करायचा, माल खोलीत कोंडून कुलपावर कापड गुंडाळायचे आणि वर लाखेची मोहर ठोकायची, हे त्यांचे काम. त्यांनी ठोकलेल्या मोहरेला बोट लावायची कोणाची छाती होत नसे. स्वतः मात्र सुपारीचे खांडही तोंडात टाकत नसत. त्यावरून घरात त्यांची थट्टा चाले.

पहिला झटका बावन्न सालच्या महाशिवरात्रीनंतर आला. सकाळी त्यांचा उजव्या पायाचा अंगठा मुळाशी लालबुंद सुजला होता आणि तव्यासारखा तापला होता. माझा नुसता काठ त्याला लागला, आणि भय्यासाहेबांनी कळवळून मला जमिनीवर भिरकावले.

"केवढी जड चादर घातलीस ग," ते अनसूयाबाईंना म्हणाले.

मी आणि जड. खरे सांगते, मला भयंकर राग आला. आठवड्याने सूज उतरली आणि मी पुन्हा खाटेवर गेले. आषाढी एकादशी झाली, दुसऱ्या दिवशी मी पुन्हा जमिनीवर होते.

वैद्य आले. त्यांनी वातरक्त असे नाव सांगितले आणि पोथीतली कारणे वाचून दाखवली. त्यांत मद्य होते, मांस होते, आणखीही बरेच होते. पण मद्याशी येऊन वैद्य थांबले आणि चष्म्यावरून भय्यासाहेबांकडे बघत बसले. पुढचे सारे रामायण त्या बघण्यातून झाले.

कचेरीत बापू नावाचे हेडक्लार्क होते. जिभेला हाड नव्हते, एरवी माणूस वाईट नव्हता. ते लंगडणाऱ्या भय्यासाहेबांना म्हणाले, "साहेब, बुरा मत मानो, पण हा नवाबांचा रोग तुम्हाला कसा काय झाला? जप्तीचा माल चाखून तर नाही ना पाहत?" सगळे हसले. ही थट्टा कचेरीतून फ्रीगंजाच्या पेठेत गेली, तिथून राम घाटावर गेली, आणि आमच्या गल्लीत परत आली तेव्हा ती बातमी झाली होती.

भय्यासाहेबांनी यावर एकच उपाय काढला. श्रावणातले सोमवार ते निर्जळी करू लागले. "पाण्याचा थेंबसुद्धा नाही घेणार मी. मग पाहू, कोण दारुडा म्हणतं ते." आणि मंगळवारी सकाळी पाय सुजे. उपास वाढले तसे झटके वाढले, झटके वाढले तशी कुजबुज वाढली. मला तर घरात कोणी पायांवर घालीनासे झाले. मी घडी होऊन उशाशी पडून असे, पहाटे भय्यासाहेब झोपेतच मला पायांवर ओढत, आणि मंगळवारी मी जमिनीवर पडून उगाच शिव्या खाई.

मग छप्पन साल उजाडले. आमचे मध्य भारत राज्य नोव्हेंबरात नव्या मध्य प्रदेशात मिसळणार होते, राजधानी भोपाळला जाणार होती. कोणाला कुठे नेमायचे याच्या याद्या चालू होत्या. नेमका तेव्हा वर एक निनावी अर्ज गेला. निरीक्षक टोकेकर जप्तीची दारू पितात, पुरावा म्हणून त्यांचा पाय पाहावा, असे त्यात लिहिले होते. चौकशी लागली. आरोप खरा ठरला असता तर सव्वीस वर्षांची नोकरी गेली असती. भय्यासाहेबांना नोकरीपेक्षा नावाची काळजी होती.

अनसूयाबाई मात्र स्वस्थ बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. एका मंगळवारी त्या फ्रीगंजातल्या डॉक्टर सुमन पेंढारकरांना टांग्यात घालून घरी घेऊन आल्या. डॉक्टरांनी अंगठा पाहिला, मग मला उचलले आणि माझे एक टोक अगदी अलगद त्यावर सोडले. भय्यासाहेबांनी दात आवळले.

"चादरही सहन नाही होत?" डॉक्टरांनी विचारले.

"बिलकुल नाही."

"पाय कोणकोणत्या दिवशी धरतो?"

ते भय्यासाहेबांना धड सांगता येईना. अनसूयाबाई म्हणाल्या, "श्रावणात दर मंगळवारी. मंगळवारी सकाळी ही चादर जमिनीवर पडलेली असते, मीच उचलते ना." बोलता बोलता त्या थांबल्या. "अग बाई. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी पण. एकादशीच्या पण."

मित्रांनो, चार वर्षे मी जमिनीवर पडून हेच सांगत होते.

डॉक्टरांनी इंदूरला रक्त तपासून आणले आणि मग सगळे समजावून दिले. आपल्या शरीरात यूरिक आम्ल नावाचा एक पदार्थ रोज तयार होतो आणि लघवीवाटे निघून जातो. काही लोकांची मूत्रपिंडे तो पुरेसा बाहेर टाकत नाहीत. मग त्याचे सुईसारखे बारीक खडे होतात आणि सांध्यात रुततात. बहुधा अंगठ्यापासूनच सुरुवात होते.

"म्हणजे दारू नाही?" भय्यासाहेबांनी विचारले.

"दारूनं हा रोग वाढतो, हे खरं. मांसानंही वाढतो. पण दोन्हींना न शिवणाऱ्यालाही होतो. घराण्यातून येतो. तुमच्या वडिलांना होता का?"

वडील पन्नाशीनंतर काठी टेकत चालत. घरात त्याला पूर्वजन्मीचे भोग म्हणत असत.

"आणि पोट रिकामं राहिलं, पाणी कमी पडलं, की आम्ल आणखीच साठतं. तुम्ही प्रायश्चित्त घेऊन दुखणं ओढवून घेताय, भय्यासाहेब. हे रसायनशास्त्र आहे. यात पाप-पुण्य कुठून आलं?"

सध्याच्या दुखण्यावर त्यांनी एक गोळी सांगितली. हकीम ज्याला सुरंजान म्हणतात त्याच्याच जातीच्या कंदातून ती काढतात. सूज पुरती उतरली की मग दुसरी, आम्ल लघवीवाटे काढून टाकणारी, विलायतेत नुकतीच निघालेली. तिच्याबरोबर भरपूर पाणी प्यायचे.

एवढे कळल्यावर प्रश्न मिटायला हवा होता. पण डॉक्टरांची चिठ्ठी पाहून चौकशीचे साहेब म्हणाले, "ऐसी चिट्ठी तो कोई भी ले आता है।"

त्या संध्याकाळी भय्यासाहेब घरी आले ते ताठ मानेने. "मी साहेबांना म्हटलं, मला सील करा," ते अनसूयाबाईंना म्हणाले. "रविवारी संध्याकाळी खोलीत कोंडा, कुलपावर तुमची मोहर ठोका. सोमवारी मी निर्जळी करतो. मंगळवारी पाय सुजला नाही, तर तिथल्या तिथे राजीनामा देतो."

डॉक्टर संतापल्या. त्यांनी जाणूनबुजून दुखणे आणायला साफ नकार दिला. अखेर खोलीत भरलेला माठ ठेवायचा आणि जीव घाबरला तर दार ठोठावायचे, एवढे कबूल करून घेतले. मित्रांनो, असले धाडस तुम्ही कोणी करू नका. पण ज्याची अब्रू रस्त्यावर पडलेली असते, त्याला शहाणपण शिकवणे सोपे नसते.

कचेरीच्या आवारातली एक खोली रिकामी केली. पंचनामा लिहायला बापूच बसले. एक खाट, एक माठ, आणि एक भेरूगढी चादर, तांबडी-काळी, वापरलेली. दारूचा वास येतो का म्हणून त्यांनी मला हुंगूनही पाहिले. हुंगा म्हटले, खुशाल हुंगा. भल्याभल्या शालींचे नाव कधी सरकारी कागदावर आले नसेल, माझे आले.

सोमवार फार सावकाश गेला. संध्याकाळी बाहेरून महाकाळाच्या सवारीचे, श्रावणी सोमवारच्या पालखीचे, ढोल ऐकू आले. दर वर्षी भय्यासाहेब त्या गर्दीत उभे असत. त्या दिवशी त्यांनी कुलपाआडून हात जोडले. माठाकडे बघितलेसुद्धा नाही.

मंगळवारी उजाडले. पाय गार होता. त्यांनी मला अंगठ्यावर ओढले. काही नाही. पुन्हा ओढले, दाबून पाहिले. काही नाही. ज्या चादरीला चार वर्षे लांब फेकले तिला ते पोटाशी धरून बसले आणि म्हणाले, "चादरबाई, आज दगा नका देऊ." आयुष्यात पहिल्यांदाच जड व्हावे असे मला वाटले. त्यांना दुखावे अशी मी देवाची प्रार्थना केली, त्याची आजही लाज वाटते.

सातच्या सुमाराला मुंगी चावल्यासारखे झाले. नऊला अंगठा लाल झाला. अकराला साहेब आले तेव्हा तो टरटरून फुगला होता. साहेबांनी मोहर निरखून पाहिली, खाटेखाली वाकून पाहिले, माठातले पाणी हुंगले. मग माझे टोक उचलून त्यांनी अंगठ्यावर ठेवले. भय्यासाहेबांच्या कपाळावर घाम फुटला, डोळ्यांतून पाणी आले, आणि ते हसत होते.

"लिहा, बापू," ते म्हणाले. "सील साबूत. दारू निरंक. पाय सुजलेला."

बापूंची लेखणी अडखळली. "अर्ज मी नव्हता दिला, साहेब. पण ती थट्टा माझीच होती."

"थट्टा तुमची होती, बापू. पाय माझा होता."

दारात अनसूयाबाई तांब्या घेऊन उभ्या होत्या. पुढच्या सोमवारी त्यांनी निर्जळीचे नाव काढू दिले नाही. शेजारपाजार लगेच कुजबुजला, की टोकेकरांनी देवधर्म सोडला. अनसूयाबाई ओट्यावर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, "महाकाळाच्या पिंडीवर दिवसभर पाण्याची धार पडते. देवाला पाणी चालतं, तर भक्तानं कोरडं का मरायचं?" आणि भय्यासाहेब भर गल्लीत उभे राहून घटाघट तांब्याभर पाणी प्यायले.

यादीत त्यांचे नाव आले. आम्ही भोपाळला गेलो. नवी गोळी सुरू झाली, पाणी सुरू झाले, झटके विरळ होत होत थांबले. तिथल्या पहिल्या थंडीत अनसूयाबाईंनी मला त्यांच्या दोन्ही पायांवर पांघरले. ते सकाळपर्यंत गाढ झोपले. माझे वजन तेवढेच होते, तीन पाव.

त्यालाही आता खूप वर्षे झाली. आम्ल तयारच कमी व्हावे अशी औषधेही मागाहून निघाली. मी विरले आहे, मध्ये दोन ठिगळे आहेत. मागच्या थंडीत त्यांचा मुलगा प्रकाश, आता तोही म्हातारा, सकाळी उठला आणि त्याने मला पायांवरून भिरकावले. मी जमिनीवर पडल्या पडल्या समजले. त्यालाही समजले. त्याने पाप शोधले नाही, उपास धरला नाही. लख्ख उजेडात, लंगडत, शेजाऱ्यांच्या देखत तो दवाखान्यात गेला. कोणी विचारले तेव्हा म्हणाला, "वडिलांचा पाय आहे."

मित्रांनो, माझे मागणे एवढेच आहे. कोणी लंगडताना दिसला तर त्याच्या पायावरून त्याची चालचलणूक ठरवू नका, त्याला औषधाचा रस्ता दाखवा. आणि ठरवायचेच असेल, तर आधी मोहर ठोका, पंचनामा करा, आणि साक्षीला मला बोलवा. मी विरले असेन, पण माझा रंग अजून उतरलेला नाही.