गोपाळचं मशीन

निपाणीचा भरमा कांबळे १९८६ साली बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात कॉम्प्युटरवर पगारपत्रकं काढायचा. शेजारच्या टेबलावरचा गोपाळ टिळकवाडीचा. त्याच्या मामानं लंडनहून त्याला घरी वापरायचा एक कॉम्प्युटर पाठवला होता. वहीएवढा, रबरी बटणांचा, टीव्हीला जोडायचा. त्यावर बैलगाड्यांच्या शर्यतीचा खेळ करायचा, असं दोघांनी ठरवलं.

पण लाईट गेली की लिहिलेलं सगळं पुसलं जायचं, आणि लाईट तर रोजच जायची. मग भरमानं डोकं चालवलं. ऑफिसच्या मोठ्या मशीनवर लिहिलेलं टिकायचं. तिथं प्रोग्रॅम लिहायचा, वायर जोडून तो कॅसेटवर उतरवायचा आणि कॅसेट नेऊन टेपरेकॉर्डरवरून गोपाळच्या मशीनला ऐकवायची. साहेबांनी ऑफिस सुटल्यावर तासभर बसायला परवानगी दिली. तिथून दोघं सायकलनं टिळकवाडीला जात. टीव्हीवर गाडी जरा सरकली की गोपाळ ओरडे, "पळाली रे, भरमा!" आणि आतून त्याची आई पोहे घेऊन येई.

पावसाळ्यात गोपाळला बंगळूरला नोकरी लागली. निघायच्या गडबडीत दोघांत मशीनचा विषय निघालाच नाही. ते घरीच राहिलं.

भरमा दोनदा टिळकवाडीला गेला आणि फाटकापासून मागं फिरला. मित्र घरात नसताना त्याच्या आईकडं जाऊन टीव्ही लावायला सांगायचं, हे काही त्याला जमेना. शेवटी ऑफिसच्या मशीनलाच त्यानं गोपाळच्या लहान मशीनचं सोंग घ्यायला लावलं. खऱ्या मशीननं काय केलं असतं, ते ऑफिसचं मशीन अंदाजानं सांगे. चित्र उमटत नसे, नुसते आकडे. गाडी कुठवर आली ते भरमा आकड्यांवरून ओळखी. कधी तोंडातून "पळाली रे" निघून जाई आणि तो उगाच मागं वळून बघे.

रविवारी निपाणीला गेला की आई, तानीबाई, विचारायची, "तिकडं कुणासंगं बोलतोस का न्हाय रं?"

"बोलतो की."

"कुणासंगं?"

तो ताटातली भाकरी मोडत राही.

संक्रांतीनंतर खेळ पुरा झाला. दोघांनी मिळून खेळायची शर्यत. खिशात कॅसेट घालून भरमा टिळकवाडीला गेला आणि या वेळी त्यानं फाटक उघडलं.

"अरे भरमा! होतास कुठं इतके दिवस?" गोपाळच्या आई म्हणाल्या. "गोपाळ जाताना सांगून गेला होता, भरमा येईल, मशीन त्याला द्या. दिवाळीपर्यंत वाट बघितली रे. मग वाटलं, तुला नको असेल. माझ्या भाच्यांना नाशिकला देऊन टाकलं."

भरमाचा हात खिशातल्या कॅसेटवर गेला.

"काही काम होतं का?"

"न्हाय काकू. हे द्यायचं होतं." त्यानं कॅसेट पुढं केली. "त्यांच्याकडं पाठवा. दोघं लागतात खेळायला."

"दोघंच आहेत ते भाऊ."

त्यानं कोणाची बटणं कुठली ते कव्हरावर लिहून दिलं, चहा घेतला आणि निघाला.

नाशिकला त्या गाड्या पळाल्या की नाहीत, ते त्याला कधी कळलं नाही. विचारायचं म्हणून तो पुन्हा गेलाही नाही.