फिल्मवरचा ठिपका

"लय जड हाय वो ह्ये. बैलाच्या झुलीवाणी," अंगावरचा शिशाचा ॲप्रन चाचपत सटवाजीमामा म्हणाले.

"मंग शोभतंय की," भिंतीपलीकडून तानुबाईंचा आवाज आला. नवऱ्याच्या दाढांचा एक्स-रे फोटो काढून होईपर्यंत त्यांना तिथंच उभं राहायला सांगितलं होतं.

धम्मशीलाताई गालात हसल्या. फिल्मचं छोटंसं पाकीट त्यांनी मामांच्या डाव्या दाढेला लावलं आणि त्यांचंच बोट त्यावर टेकवायला घेतलं.

"तुमीच धरा की ताई. माझं बोट जाड, तोंडात मावंना."

"न्हाई मामा. तुमी एकदाच धरनार. मी रोज धा जनांचं धरलं तर ह्या किरणांनी माझ्या बोटाचं काय व्हईल?"

मामांनी निमूटपणे बोट टेकवलं. ताई भिंतीआड येऊन तानुबाईंशेजारी उभ्या राहिल्या आणि हातात बटण घेऊन हळूच म्हणाल्या, "हलू नका, मामा."

"अगं बाई, असं सांगितल्यावर मुंगी तरी थांबल का?" तानुबाई म्हणाल्या, आणि आपल्या वालूर गावच्या शिवारातून हाक मारावी तशा ओरडल्या, "आवं, हलू नगा!"

मामा दचकून जागीच थिजले. तेवढ्यात ताईंनी बटण दाबलं. मग उजव्या बाजूचा दुसरा फोटो निघाला.

परभणीच्या ह्या दातांच्या दवाखान्यात धम्मशीलाताईंना बावीस वर्षं झाली होती. आवाज इतका बारीक, की पेशंटला दोनदा विचारावं लागे. पण त्यांच्या चुकीनं कुणाचा फोटो दुसऱ्यांदा काढावा लागला नव्हता. एकाच्या जागी दोन फोटो म्हणजे माणसाला विनाकारण किरणं, हे त्यांनी पहिल्या आठवड्यात ऐकलं आणि पंचशीलातल्या शीलासारखं पाळलं. बाकीच्या दवाखान्यांत फोटो कंप्युटरवर दिसू लागले तरी डॉक्टर राजेश्री म्हणायच्या, "ताई आहेत तोवर आपली फिल्मच बरी."

जिन्याखालची कोठडी ही ताईंची जागा. दार लावलं की तिथं लाल बल्बाचा निखाऱ्यासारखा उजेड. त्यांनी पाकीट सोललं. काळा कागद बाजूला केला, शिशाचा पातळ पत्रा बरणीत टाकला. शिसं कचऱ्यात टाकायचं नाही, हाही नेम. दोन्ही फिल्म एका चिमट्याला एकाच तोंडानं अडकवून डेव्हलपरच्या औषधात सोडल्या आणि त्या त्रिशरण, पंचशील म्हणू लागल्या. भिंतीवर घड्याळ होतं, पण त्यांचं माप हेच. थंडीत औषध गार पडलं की दोनदा म्हणायचं. आता चैत्राचं ऊन, एकदाच पुरे. पुरतं म्हणून झालं की फिल्म पाण्यात, मग आंबूस वासाच्या फिक्सरमध्ये, पुन्हा पाण्यात, की चित्र पक्कं.

आज पौर्णिमा. अंगावर पांढरं लुगडं होतं, दुपारनंतर अन्न घ्यायचं नव्हतं. मन कसं धुतल्यासारखं होतं.

पंख्याखाली फिल्म वाळल्या. प्रत्येक फिल्मच्या कोपऱ्यात मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा एक ठिपका उठलेला असतो. ती फुगीर बाजू आपल्याकडे ठेवून बघितलं तर उजवं ते उजवं. उलटून बघितलं तर आरशागत, उजव्याचं डावं. ताईंनी सवयीनं एकीच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, दोघी प्लास्टिकच्या चौकटीत बसवल्या आणि डॉक्टरांपुढच्या दिव्याच्या काचेवर ठेवल्या.

डॉक्टर राजेश्री वाकून बघत राहिल्या. "मामा, दोन्ही दाढा किडल्यात. डावीची मुळंच गेली आहेत, ती काढावी लागेल. उजवी भरून वाचेल. दुखते नेमकी कोणती?"

"काय सांगू बाई? इकडून दुखायलंय, तिकडून दुखायलंय. कानात तर नुसता ढोल वाजायलाय."

बाहेर हवेचा कॉम्प्रेसर घरघरू लागला. डॉक्टर सिरिंज भरू लागल्या. तानुबाई ताईंच्या कानाशी लागल्या, "भाकरीत खडा लागला तवापासून सुरू झालं म्हनत्यात. मी मेलीनं दळण निवडून दिलं व्हतं वो. पन खडा तुज्याच हातनं राहिला म्हनून चार दिस झाले टोचायलेत."

खडा म्हटल्यावर धम्मशीलाताईंना आज घरी घडलेलं आठवलं.

सकाळीच बुद्धापुढं खीर ठेवून सगळे प्रसादाला बसले होते. लेकीच्या, संघप्रियेच्या दाताखाली खडा कचकला. "आई, तुझ्या हातून खडा राहिला? नवलच गं!" सगळे हसले, त्याही हसल्या. तांदूळ त्यांनी दोनदा निवडले होते.

त्यांनी अंगठ्याकडं बघितलं. बावीस वर्षं फिक्सरमध्ये बुडून कातडी चामड्यासारखी झाली होती. मघाशी ठिपका खरंच लागला होता, की लागला असं बोटानं गृहीत धरलं होतं?

पुढं होऊन त्यांनी काचेवरची चौकट उचलली आणि फिल्मचा कोपरा गालाला टेकवला. गाल अजून मऊ होता. उठाव लागेना. फिल्म उलटून टेकवली. बारीकसा दाणा गालाला टोचला.

दोन्ही फिल्म उलट्या बसल्या होत्या. डावं उजवीकडं गेलं होतं. डॉक्टर जी दाढ काढणार होत्या, तीच खरं तर वाचण्याजोगी होती.

'पंख्याच्या वाऱ्यानं चौकट उलटली, मॅडम.' एवढंच म्हटलं असतं तरी भागलं असतं. दाढही वाचली असती आणि बावीस वर्षांचं नावही. शब्द ओठांवर आलेसुद्धा. पण मघाशीच लाल उजेडात चौथं शील म्हटलं होतं, खोटं बोलणार नाही म्हणून.

"मॅडम, माझी चूक झाली."

कॉम्प्रेसरच्या घरघरीत ते कुणालाच ऐकू गेलं नाही. डॉक्टरांचा हात मामांच्या डाव्या गालाशी गेला.

"मॅडम, थांबा! म्या फिल्म उलट्या लावल्या! चूक माझी हाय!"

बाहेरच्या बाकावरची माणसं उठून दाराशी आली. बावीस वर्षांत त्या घशातून असा आवाज निघाला नव्हता. डॉक्टरांची सुई हवेतच राहिली. त्यांनी चौकट घेतली, तिरपी करून उजेडात ठिपका बघितला, मग दोन्ही फिल्म उलटून पुन्हा बघितल्या.

त्यांनी सुई खाली ठेवली. डॉक्टर म्हणाल्या, "काचेवर ठेवल्यावर मीही ठिपका बघायला हवा होता. ताईंनी लावलंय म्हणून मी बघतच नव्हते." त्या वळल्या. "मामा, उजवी काढायची. डावी वाचतेय."

"आन् म्हंजे पुन्हा फोटू? पुन्हा ती झूल?"

"नाही. फोटो चांगला आलाय, धरला उलटा होता."

"मंग काय!" मामा खुर्चीत सैल झाले. "ताई, तुमाला आवाज हाय की वो! मला वाटलं, निस्तं ओठच हलवायला शिकलाव."

"तुमचा दात वाचवला तिनं," तानुबाई फणकारल्या. "आन् ऐकलं का? शिकल्या-सवरल्या बाईच्या हातनं चुकतंय. माज्या हातनं एक खडा राहिला तर काय झालं?"

दाराशी उभी माणसंही हसली. ताईंनी पदरानं डोळे टिपले आणि कापसाचे बोळे काढायला लागल्या.

जाताना मामांच्या उजव्या गालात कापूस होता. बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी डाव्या गालावर दोनदा टिचकी मारून दाखवली आणि हात जोडले.

"ताई," संध्याकाळी निघताना डॉक्टर म्हणाल्या, "उद्यापासून दोघींनी बघायचं. आधी तुम्ही, मग मी."

"व्हय मॅडम."

घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले, मेणबत्ती लावली, वंदना झाली. दुपारपासून पोटात काही नव्हतं, तरी रितं वाटत नव्हतं. संघप्रियेनं उद्याच्या तांदळाचं ताट रोजच्यासारखं त्यांच्या पुढ्यात आणून ठेवलं.

त्यांनी ताटात हात घातला. दाणे बोटांमधून सरकू दिले. मग ताट हळूच लेकीकडं सरकवलं.

"तू निवड गं. मी बसते जवळ."

संघप्रियेनं आईकडं बघितलं आणि ताट मांडीवर घेतलं. थोड्या वेळानं तिनं एक खडा वेचून आईच्या तळव्यावर ठेवला. धम्मशीलाताईंनी मूठ मिटली आणि लेकीची बोटं तांदळातून फिरताना बघत बसल्या.