हरेश्वरची पाठ

“दादा, आज तुम्ही माझ्या मागं राहायचं. पुढं आलात तर बघा, तुमची-माझी दोस्ती खलास!”

पनवेलच्या नाक्यावर, शर्यत सुटायला पाच मिनिटं असताना तुकारामनं हरेश्वरला असा दम भरला. तुकाराम वयानं चौदा वर्षांनी लहान, पण गिरणीच्या सायकल-संघाचा हुकमी एक्का.

“येडा की काय तू? मी मागं राहून करू काय?”

“जिंकायचं. दुसरं काय करतात?”

हरेश्वरचं हसू तोंडातल्या तोंडात राहिलं.

सायकलीच्या शर्यतीत खरा वैरी वारा. पुढचा गडी तो छातीवर घेतो, मागचा त्याच्या पाठीआड दम राखून ठेवतो आणि शेवटच्या क्षणी सुटतो. गेली बारा वर्षं, मुंबईचा ट्रॅक असो की घाटाचा रस्ता, संघाचा वारा हरेश्वरनं खाल्ला आणि पहिला नंबर दुसऱ्या कुणीतरी मारला. तक्रार करावी असं त्याला कधी वाटलं नाही. त्याच पाठीवर गिरणीनं त्याला स्टोअरात कायमची नोकरी दिली होती, सरावाला अर्ध्या दिवसाची सुटी दिली होती. मच्छीच्या पाट्या सायकलीला बांधून रेवदंड्याहून अलिबागच्या बाजारात नेणाऱ्या कोळ्याच्या पोराला आणखी काय पाहिजे?

सल एकच होता, तो आईचा. मनुबाईनं लेकाची एकही शर्यत पाहिली नव्हती. तो घरी आला की पायावर पाणी पडायच्या आधी तिचा प्रश्न ठरलेला.

“कितवा आलास?”

“आपला तुकाराम पयला आला, आये.”

“तो कोनाचा कोन! मी तुजा नंबर इचारते.”

आता तिला वाऱ्याचं गणित सांगून सांगणार किती? सांगून झालं की ती म्हणायची, “म्हंजे बारा वरसं दुसऱ्याची होडी वल्हवलीस म्हन की!” हे मात्र त्याला लागायचं. सबंध रात्र लागायचं.

आणि यंदा, एकसष्ट सालच्या मे महिन्यात, शर्यत नेमकी पनवेल ते रेवदंडा ठरली. पन्नास मैल, आणि शेवट त्याच्याच गावात, किल्ल्याच्या दरवाज्याशी. पुढच्या वर्षी गिरणी संघात नवी पोरं घेणार होती. म्हणजे आईच्या डोळ्यांदेखत पहिलं यायचं तर आजच, नाहीतर या जन्मी नाही. चहा पिताना हे तो एकदा तुकारामपाशी बोलून गेला होता. पोरगं साताऱ्याकडचं, डोक्यात एक गोष्ट बसली की बसली.

शिटी वाजली आणि सायकली सुटल्या.

तुकाराम पुढं, त्याच्या चाकाला चाक लावून हरेश्वर. पेण येईतो त्याला चमत्कारिक वाटत राहिलं. कानात वारा नाही, डोळ्यांत पाणी नाही, समोर नुसती तुकारामची घामानं भिजलेली पाठ. इतकं सुख अंगाला सवयीचं नव्हतं. वडखळच्या पुढं मोकळवनात वारा लागला, तशी हरेश्वरची सायकल आपोआप बाहेर निघाली आणि पुढं झाली.

“दादा! मागं!”

“अरे हो की! चुकलो.”

कार्लेखिंडीच्या चढावर पुन्हा तेच. या खेपेला तुकारामनं शिवीच हासडली आणि हरेश्वर ओशाळून मागं गेला. जित्याची खोड, ती काय अशी जाते?

तसा वाऱ्याशी त्याचा पहिल्यापासूनच घोळ. एकोणपन्नास सालच्या पहिल्या शर्यतीत समोरून वारा आला, तेव्हा या पठ्ठ्यानं काय करावं? शिडाची होडी हाकारावी तशी सायकल रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत तिरकी-तिरकी नेली. वाऱ्याच्या तोंडावर सरळ कुणी जातं का, असा त्याचा सवाल! लोक पोट धरधरून हसले. तो शेवटून पहिला आला. पण गिरणीचा एक साहेब हसला नाही. हा गडी सगळ्यांच्या दीडपट वाट कापून फक्त दहा मिनिटं मागं राहिला, हे त्यानं हेरलं आणि दुसऱ्याच आठवड्यात नोकरीचं पत्र आलं.

अलिबाग मागं पडलं तेव्हा पुढं तिघंच उरले होते. तुकाराम, हरेश्वर आणि पुण्याचा एक लांब मानेचा गडी. नागाव गेलं, चौल आलं. दोन्हीकडं नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यामुळं वारा दबलेला. तुकारामच्या तोंडाला फेस आला होता, पण भाद्दर मान वर करत नव्हता. हरेश्वरच्या पायांत मात्र अजून दोन शर्यतींचा जोर शिल्लक होता. आज जमतंय, तो मनात म्हणाला. आये, आज जमतंय गं!

वाड्या संपल्या. रेवदंडा अर्ध्या मैलावर, उजव्या हाताला मासळी सुकवायची खळी आणि त्यांच्यापलीकडं उघडा समुद्र. पावसाआधीचा दक्षिणेचा वारा तिथं थोबाडीत मारावी तसा आला. तुकाराम डगमगला.

हरेश्वरनं विचार केला असता तर थांबला असता. विचार कसला नि काय! समोरचं पोरगं वाऱ्यात अडकलेलं दिसलं आणि बारा वर्षांची सवय पायांत उतरली. मान खाली घालून तो सपकन पुढं झाला.

“दादा, नको!” तुकाराम ओरडला, पण त्याच्यात पाठी लागायचा दम उरला नव्हता. पाठ धरली ती पुण्याच्या गड्यानं. त्याला काय, आयता आडोसा मिळाला! अर्धा मैल तो गुमान मागं राहिला आणि दरवाजा तीस हातांवर असताना बाजूनं निघून अर्ध्या चाकानं पुढं गेला.

हातातोंडाशी आलेला घास गेला.

तुकाराम तिसरा आला आणि सायकल टाकून लहान पोरासारखा रडला. “सांगितलं होतं ना दादा! किती वेळा सांगितलं!” हरेश्वरनं त्याला पोटाशी धरलं. त्याची नजर गर्दीत आईला शोधत होती.

“तुजी आये खल्यावर हाय,” शेजारची गोदू म्हणाली. “पावसाच्या बेगमीचा जवला उन्हात टाकलाय. कावल्यांच्या हवाली करून कशी येल?”

हरल्याचं दुःख होतंच, पण आईनं ते पाहिलं नाही, तेवढंच बरं झालं असं त्याला वाटलं. तो सायकल हातात धरून आल्या वाटेनं अर्धा मैल मागं चालत गेला.

मनुबाई काठी घेऊन खळ्याच्या कडेला उभी होती.

“आये, हुकलं गं. दुसरा आलो.”

“दुसरा? कोन म्हनतो दुसरा?” म्हातारी उसळली. “मी हितं उभी हाय. ह्या रस्त्यानं पयला तूच गेलास. ते लांब मानेचं तुज्या मागं, आन् तुजा तुकाराम त्याच्याबी मागं. मी काय आंधली हाय?”

शर्यत इथं नाही, दरवाज्यापाशी संपते, हे सांगायला त्यानं तोंड उघडलं. आईच्या चेहऱ्याकडं पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिला लपवायचे नव्हते.

“व्हय आये,” तो म्हणाला. “हितून पयला मीच गेलो.”

“मंग! ही काठी धर. रंगूला सांगून येते, तिनं बघितलं न्हाय.”

लुगड्याचा काष्टा सावरत ती पलीकडच्या खळ्याकडं लगबगीनं निघाली. पाठीवर सतरा नंबरचं फडकं तसंच ठेवून हरेश्वर कावळे हाकत उभा राहिला.