एकच टोपी

"मावशी, हात लावू नका हं, टेस्ट आहे," फिजिओथेरपिस्ट नैना म्हणाली, तशी मालिनीनं पुढे केलेला हात मुकाट्यानं मागे घेतला.

खुर्चीला न धरता उठून उभं राहायचं, एवढीच परीक्षा. पण ती हुकली की हेडली आजोबांची रवानगी वरच्या मजल्यावर, जिथली माणसं पलंगावरून उठतच नाहीत. अमेरिकेतल्या हर्नडनच्या या वृद्धाश्रमात मालिनीला म्हाताऱ्यांची देखभाल करत सहा वर्षं झाली होती. वर गेलेला एकही जण पुन्हा खाली आलेला तिनं पाहिला नव्हता.

आजोबा त्र्याण्णव वर्षांचे. तरुणपणी इंग्लंडकडून रग्बी खेळलेले, तेही एकच सामना. तिकडे देशाकडून खेळलं की मखमली टोपी देतात. "मला एक टोपी मिळाली," असं त्यांनी पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा मालिनीनं बजावलं, की आमच्या नागपूरकडे टोपी घालणं म्हणजे गंडवणं. म्हातारा खोकला येईपर्यंत हसला. मग म्हणाला, तसंच झालं म्हण ना. विसाव्या मिनिटाला खांदा मोडला. त्या काळी बदली खेळाडू नसायचा. एक बाहेर गेला की उरलेल्या चौदांनी निभवायचं. म्हणून हा गडी मोडक्या खांद्यानं शेवटपर्यंत मैदानात उभा. सामना जिंकले, पण पुन्हा बोलावणं आलं नाही. पुढे चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, म्हातारपणी लेकीपाठोपाठ अमेरिकेत आले. त्या खांद्याबद्दल कधी चकार शब्दानं कुरकुर नाही. मालिनीला त्याचा कोण अभिमान! जसा काही तिच्याच घरचा माणूस खेळला होता.

आजोबा उठायला गेले आणि अर्ध्यातून धपकन बसले. दुसऱ्यांदाही तेच. नैनाचं पेन कागदावर टेकलं.

"लास्ट ट्राय," ती हळूच म्हणाली. तिलाही वाईट वाटत होतं.

हात लावायचा नव्हता, पण तोंड उघडायला कुणाची बंदी होती? मालिनी त्यांच्यासमोर वाकली आणि आपल्या नागपुरी इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, बदली खेळाडू नाहीये."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे रोखून पाहिलं, दात आवळले, छाती पुढे काढली, आणि उठला की हो! डगमगला, पण उभा राहिला. नैनानं कागदावर खूण केली, आता बसा म्हणाली. पण ऐकतो कोण?

"अजून शिट्टी झालेली नाही," आजोबा म्हणाले आणि हनुवटीनं कपाटाकडे खूण केली. टोपी तिथंच असायची, विटलेली, गोंडा अर्धा झडलेला.

मालिनीनं उभ्या आयुष्यात कुणाला टोपी घातली नव्हती. त्या दिवशी घातली. दोन्ही हातांनी, नीट, गोंडा एका बाजूला घेऊन.