टायगरचं नाक आणि उज्ज्वलाचे रविवार

उकाई धरण भरलं तेव्हा आजूबाजूच्या टेकड्या पाण्याखाली गेल्या, काहींचे तेवढे माथे वर राहिले. अशाच एका पाण्यानं वेढलेल्या माथ्यावर विजयराव बिबट्या शोधायला आले होते. सोबत बायको उज्ज्वला, हातभर लांब लेन्स आणि टायगर. टायगर म्हणजे त्यांचा लॅब्रेडोर.

विजयरावांची सुरतेतली सोसायटी कट्टर शाकाहारी. कचऱ्यात अंड्याचं टरफल सापडलं तरी कमिटी मीटिंग बोलावते. त्यामुळे टायगर पिल्लू असल्यापासून खिचडी-कढी, खाखरा आणि संध्याकाळची मूठभर शेव यांवर पोसलेला. मांस कशाशी खातात हे त्याला ठाऊक नव्हतं. कुत्र्याचं नाक फार तिखट असतं असं कुठंतरी वाचून साहेब त्याच्याकडून बिबट्याचा माग काढून घेणार होते. बिबट्याला कुत्रा भलताच आवडतो, आणि कशासाठी आवडतो, ते पान बहुधा त्यांच्या वाचनातून सुटलं असावं.

विजयराव बँकेतून निवृत्त झाल्यापासून चार वर्षं दर रविवारी हेच चाललं होतं. पहाटे चारला उज्ज्वलानं उठायचं, डबे भरायचे, आणि दिवसभर उन्हात 'शूऽऽ' ऐकत बसायचं. आजवरची कमाई म्हणजे एक मुंगूस, तेही ढाब्याच्या मागचं. तरी महाराष्ट्र मंडळात 'मी आणि बिबट्या' या व्याख्यानाचा फलक लागलासुद्धा. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

शेवटी उज्ज्वलानं गेल्या आठवड्यात पाय रोवला. ती मराठी शाळेतली मास्तरीण, बोलली की बोलली. "या खेपेला एकही जंगली जनावर दिसलं नाही, तर इथून पुढचे सगळे रविवार माझे. कुठं जायचं, कुणासोबत, मी ठरवणार." विजयराव हसून हो म्हणाले. तिला फार काही नको होतं. नऊपर्यंत झोपायचं होतं, बस्स.

होडीवाला बळीराम मूळचा धुळ्याकडचा. त्यानं होडी काठाला लावली. विजयरावांनी बिबट्यासारखे ठिपके छापलेला शर्ट घातला होता. तो पाहून बळीरामनं नुसता घसा खाकरला. टायगरनं हवेत नाक उचललं, शेपूट ताठ केली आणि टेकडीवर धूम ठोकली.

"लागला माग!" विजयराव ओरडले. आसपास काही जनावर असलंच तर तेही त्या आरोळीनं पळालं असतं. ते मागोमाग झुडपांत दिसेनासे झाले.

उज्ज्वला काठावर पाण्यात पाय सोडून बसली. कितीतरी दिवसांनी तिला कुणी 'शूऽऽ' करत नव्हतं. दहा मिनिटं गेली असतील. समोरचं पाणी हललं आणि एक चपटं, मिशाळ डोकं वर आलं. मग दुसरं. मग दोन पिल्लं. पाणमांजरं! आईनं मासा खडकावर आपटला, पिल्लांनी त्यावरून भांडण मांडलं, आणि एका पिल्लानं भांडण सोडून सरळ उज्ज्वलाकडे पाहिलं. तिच्या पायांपासून पाच हातांवर. तिचे डोळे भरून आले. इतकं सुंदर तिनं आयुष्यात काही पाहिलं नव्हतं.

पहिला विचार आला, हे इथं असते तर. दुसरा आला, यांना कळलं तर माझे रविवार गेले. बायकोनं पाहिलं म्हणजे आपणच पाहिलं, असं म्हणायला हा माणूस कमी करणार नाही.

"रोज येतस ताई," बळीराम हळूच म्हणाला. "गलका व्हयना का पळी जातस."

"साहेबांना सांगू नका."

"माले कोन इचारस?" बळीराम म्हणाला.

तासाभरानं विजयराव उतरले. शर्टाच्या ठिपक्यांवर तेलाचे डाग होते. टेकडीपलीकडे सुरतेच्या पर्वत पाटियाचे कापडवाले कुटुंबकबिल्यासह उंधियू खायला आले होते. टायगरनं माग काढला तो त्यांच्या शेवेच्या डब्याचा. विजयराव कॅमेरा रोखून झुडपातून रांगत बाहेर आले ते थेट पंगतीत. "आवो आवो, अंकल!" म्हणत कुणीतरी हातात ताटली दिली. ते जेवले. टायगर तर दोनदा जेवला.

ते होडीत बसले. चेहरा इतका पडलेला की उज्ज्वलाला क्षणभर खरंच वाईट वाटलं. तोंडापर्यंत आलेलं तिनं गिळलं.

"या बेटावर काही म्हणजे काही नाही," ते म्हणाले. "हरलो बुवा. रविवार तुझा. सांग, पुढच्या रविवारी काय करायचं?"

नऊपर्यंत झोपायचं, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं. बाहेर पडलं ते वेगळंच. "मी इथंच येणार."

विजयरावांचा चेहरा खुलला. "येऊ की! टायगरला आता वाट..."

"तुम्ही नाही. टायगरही नाही. मी एकटी."

"एकटी? आणि इथं करणार काय? आहे काय इथं?"

"काही नाही," उज्ज्वला म्हणाली. "आता तुम्हीच नाही का म्हणालात?"

बळीरामनं तोंड फिरवलं आणि होडीची दोरी सोडली.