मोगऱ्याच्या कुंडीतला नाना

वंदनाताई टेंब्यांना कुठलीही गोष्ट रेंगाळलेली खपत नसे. दिवाळीचा फराळ त्यांच्याकडे वसुबारसेच्या आठ दिवस आधीच डब्यांत जाऊन बसायचा. हबीबगंजहून गाडी पकडायची असली की त्या दीड तास आधी फलाटावर हजर. स्टेशनचं नाव बदललं, पण नवं नाव लांबलचक म्हणून त्यांनी ते कधी घेतलंच नाही. "एकदाचं उरकून घ्या" हे त्यांचं पालुपद. नवरा मात्र नेमका उलट्या घडणीचा मिळाला होता. अच्युतराव सरकारी कारखान्यातले इंजिनियर, नागपूरहून बदली होऊन भोपाळला आले आणि कोटरा सुल्तानाबादला घर बांधून इथलेच झाले. घाटातल्या पाटीवरचं "अति घाई, संकटात नेई" ते बायकोला दिवसातून दोनदा ऐकवायचे आणि सावकाश चहा फुंकत बसायचे. तेहेतीस वर्षं हा संसार असाच चालला, आणि खरं सांगायचं तर चांगला चालला.

निवृत्तीनंतर लोक देवदेव करतात, अच्युतरावांनी बेडूक पाळला. साधा डबक्यातला नव्हे, दक्षिण अमेरिकेतला. मुठीएवढा, डोळ्यांवर दोन शिंगं, आणि तोंड एवढं रुंद की बाकीचा बेडूक त्या तोंडाला नुसता जोडल्यासारखा. त्याचं नाव नाना. मागच्या खोलीत काचेची पेटी, तीत ओलसर माती, आणि मातीत गळ्यापर्यंत रुतून बसलेला नाना. तीन-तीन दिवस तो हलायचा नाही. अच्युतराव समोर खुर्ची टाकून बघत बसायचे.

"तुमच्यात नि त्याच्यात फरक एवढाच, की तो पेपर वाचत नाही," वंदनाताई म्हणायच्या.

त्यांना किळस यायची हे काही खोटं नाही. बिट्टन मार्केटहून आलेल्या पिशवीत मेथीच्या जुडीखाली एकदा गांडुळांचा डबा निघाला, तेव्हा त्यांनी दोन दिवस अबोला धरला होता. पण माणूस रमलाय ना, मग रमू दे, म्हणून त्या गप्प बसल्या. नानासाठी अच्युतराव एक वही लिहायचे, त्या वहीला मात्र त्यांनी कधी हात लावला नाही.

एप्रिलमध्ये एका दुपारी अच्युतराव जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. चार वाजता चहा घेऊन वंदनाताई गेल्या, तर हात गार. कॉलनीतले डॉक्टर आले, नाडी पाहिली, डोळ्यांवर बॅटरी मारली आणि पाच मिनिटांत कागद लिहून दिला. मुलगा गौरांग हैदराबादला नोकरीत. तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने आला. उन्हाळा असा, की रात्रभर बर्फाच्या लाद्या पुरवाव्या लागल्या होत्या. शेजारच्या सुमनभाभी म्हणाल्या, "दीदी, नागपूरवालों को तो आने दो." वंदनाताई थांबायला तयार झाल्या नाहीत.

तिरडीवर ठेवायला अच्युतरावांना उचललं तेव्हा गळ्यातून एक बारीक आवाज आला. ऊंह्. दुपारच्या झोपेतून कुणी लवकर उठवलं की ते करायचे तसा, नाराजीचा. वंदनाताईंनी आजूबाजूला पाहिलं. गौरांग खाली मान घालून दोरीच्या गाठीकडे बघत होता. भटजी दर्भ निवडत होते. बाकीच्यांपैकी कुणाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. एवढ्या माणसांत एकट्या आपल्याला ऐकू येतं म्हणजे बांबू करकरला असणार, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

"चला, उरकून घ्या," त्या म्हणाल्या.

दहाव्याला नर्मदेच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. झाडावर चांगले सात-आठ बसले होते, पण एकही खाली उतरेना. गौरांगने हात जोडून सांगितलं, बाबा, आईला सांभाळीन. घर विकणार नाही. लग्न करीन. कावळे ढिम्म. ऊन डोक्यावर आलं, तशा वंदनाताईच गुरुजींना म्हणाल्या, "दर्भाचा कावळा करा आणि उरकून घ्या." दर्भाचा कावळा पिंडाला टेकवला आणि सगळे परत फिरले. घाटाच्या पायऱ्या चढताना वंदनाताईंनी एकदा मागे वळून पाहिलं. कावळे अजून झाडावरच होते आणि पिंड तसाच.

तेरावं झाल्यावर गौरांग आईला हैदराबादला घेऊन गेला. नानाला बाबांचे बेडूकवाले मित्र विश्वनाथजी घेऊन जाणार, असं वंदनाताईंना वाटत होतं, कारण तशी बोलणी गौरांगने केली असणार. आणि गौरांगला वाटत होतं, ती आईने केली असणार. शेजारी किल्ली होती, पण कुणीच कुणाला विचारलं नाही. घर दोन महिने बंद राहिलं.

जूनच्या मध्यावर वंदनाताई एकट्या परत आल्या. घर उघडलं, खिडक्या उघडल्या, आणि मागच्या खोलीत पाऊल टाकलं. पेटी तिथेच होती. माती वाळून तिला भेगा पडल्या होत्या. त्यांनी उलथन्याने माती उकरली, तर तळाशी एक टणक गोळा हाताला लागला. सुकलेल्या चिंचेच्या गोळ्यासारखा, वर कागदासारखे पापुद्रे. शिंगांच्या जागी दोन उंचवटे होते, त्यावरून तो नाना हे कळलं. बोट लावलं, टोचलं, हलवलं. काही नाही.

बाईंना रडू फुटलं. नवरा गेला तेव्हा पाहुण्यांच्या चहापाण्यात त्या नीट रडल्या नव्हत्या, ते सगळं आत्ता त्या बेडकापाशी बाहेर आलं. जो जीव अच्युतरावांनी तळहाताच्या फोडासारखा जपला तो आपण तहानेने मारला. कावळे का शिवले नाहीत तेही त्यांना आत्ता उमगलं. लग्नाचं सांगितलं, घराचं सांगितलं, नानाचं कुणी बोललंच नव्हतं.

गौरांगला फोन केला. "जाऊ दे गं आई," तो म्हणाला. "पिशवीत घालून टाकून दे."

टाकून देणं काही त्यांच्याने होईना. मागच्या ओट्यावर मोगऱ्याची मोठी कुंडी होती. तिच्यात त्यांनी चार बोटं खड्डा केला, गोळा ठेवला, माती लोटली. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी तांब्या आणला आणि तीन ओंजळी पाणी घातलं. उरलेलं पाणीही तिथेच ओतलं. हात धुतले आणि केर काढायला घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर त्या ओट्यावर आल्या. सगळीकडे सामसूम होती, वाऱ्याची झुळूक नव्हती. तरी मोगऱ्याचं एक पान हलत होतं. त्यांनी खाली पाहिलं. कुंडीतली माती वर येत होती आणि खाली जात होती. सावकाश. पांघरुणाखाली झोपलेल्या माणसाची छाती हलते तशी.

त्या पळाल्या नाहीत. तिथेच उभ्या राहून बघत राहिल्या.

माती फुटली आणि नाना वर आला. सगळ्या अंगावर ते पापुद्र्यांचं कफन, डोळेसुद्धा त्याच्याखाली. पुढचे दोन पाय त्याने माणसाच्या हातांसारखे वर नेले, डोक्यावरून ते कफन ओढलं आणि तोंडात कोंबलं. ओढत होता, गिळत होता. पोटावरचं, पाठीवरचं, मांड्यांवरचं सगळं त्याने खाऊन टाकलं. खाली ओली, हिरवी, ताजी कातडी चकाकत होती. मग त्याने डोळे उघडले आणि वंदनाताईंकडे पाहिलं.

त्या आत धावल्या त्या थेट कपाटापाशी. याला आता खायला काय घालायचं, पाणी किती, काहीच ठाऊक नव्हतं. वही वरच्याच कप्प्यात होती. बहुतेक पानांवर तारखा आणि गांडुळांचे हिशेब. शेवटच्या लिहिलेल्या पानावर अच्युतरावांचं ते एकेक अक्षर कोरल्यासारखं हस्ताक्षर होतं.

"वंदनासाठी. मी कुठे गावाला गेलो आणि नानाची माती वाळली, तर तो स्वतःभोवती कात गुंडाळून घेतो. हात लावला तर गार लागतो. श्वास दिसत नाही. कुणीही बघितलं तर मेला म्हणेल. मेलेला नसतो. तुझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून मुद्दाम लिहून ठेवतो. घाई करू नकोस. पाणी घाल आणि थांब."

वंदनाताईंनी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला घेतलं तर अक्षरं दिसेनात. हात लावला तर गार लागतो, एवढंच डोळ्यांपुढे राहिलं. चार वाजताचा चहा. पाच मिनिटांतला कागद. त्यांनी स्वतःला बजावलं, की माणूस म्हणजे बेडूक नव्हे. डॉक्टर होते. रात्रभर बर्फ होता. हे सगळं अगदी खरं होतं, आणि तरी ती वही काही त्यांच्याने मिटवेना.

नानाला त्यांनी फडक्यात धरून ओल्या मातीच्या टबात ठेवलं आणि गौरांगला पुन्हा फोन लावला.

"अरे, नाना जिवंत आहे."

"काय सांगतेस!" गौरांग मोठ्याने हसला. "दोन महिने? आई, भूत पाहिलंस की काय?"

त्या काही बोलणार तेवढ्यात टबातून आवाज आला. ऊंह्. दुपारच्या झोपेतून लवकर उठवल्यासारखा, नाराजीचा.

फोनमधलं हसू थांबलं. "घरात कोण आहे, आई?"

"कोणी नाही. नाना आहे."

"बेडूक?"

"बेडूक."

गौरांग अगदी हळू आवाजात म्हणाला, "आई, त्या दिवशी बाबांना उचलताना मी मुद्दाम गाठीकडे बघत राहिलो. तू काहीच बोलली नाहीस, म्हणून मला वाटलं, मला एकट्यालाच ऐकू आलं."